वैद्य नहेम्या ग्रू व मुळांतील वाहिन्या

उन्हाळा आला म्हणजे आपल्याकडील बाजारांत कधीं कधीं वाटाण्याएवढीं, जांभळट रंगाचीं, आंबटगोड फळें दृष्टीस पडतात. त्यांस फालसा म्हणतात. सह्याद्रीच्या रानांत धामण नांवाचा एक वृक्ष आढळतो. त्याचें लांकूड चिवट व लवचीक असल्यामुळें कुऱ्हाडीच्या दांड्यास तें फार चांगलें. फालसा आणि धामण हीं दोन्ही झाडें एकाच गोत्रांतलीं असून शास्त्रीय भाषेंत त्या दोहोंचें गोत्रनाम एकच आहे : ग्रेविया. अठराव्या शतकांत स्वीडनचे सुप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस ह्यांनीं हें नांव एका इंग्रज वैद्याच्या स्मरणार्थ योजिलें. गव्हाचें, जोंधळ्याचें किंवा द्राक्षवेलीचें मूळ जमिनींतील पाणी वर कसें नेतें हें जाणावयाचें असेल, तर मूळ कापून त्याच्या आंत नीट पाहिलें पाहिजे, ही गोष्ट ज्या दोन पुरुषांनीं जगास प्रथम शिकविली त्यांपैकीं हा वैद्य एक होय. त्याचें नांव नहेम्या ग्रू.

इंग्रज लोक ह्या नांवाचा उच्चार निराळा करितात. परंतु यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हां बांधणाऱ्या नहेम्याचेंच तें नांव असल्यामुळें आपल्या शास्त्रांत तें जसें लिहिलें आहे तसेंच येथें लिहितों.

ग्रू ह्यांचा जन्म इ. स. १६४१ मध्यें इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यांतील मॅन्सेटर ह्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील ओबद्या ग्रू हे प्रथम शाळामास्तर होते. पुढें कॉव्हेंट्री शहरांतील सेंट मायकेलच्या मोठ्या देवळाचे ते पाळक झाले. (हें कॉव्हेंट्री पुढें विसाव्या शतकांत मोटारींच्या कारखान्यांकरितां प्रसिद्धीस आलें, तेव्हां आपल्या पिंपरी-चिंचवडच्या वाचकांस तें अगदींच परकें वाटूं नये.) तो काळ इंग्लंडांत मोठ्या धामधुमीचा होता. राजा व पार्लमेंट ह्यांच्यामध्यें युद्ध चाललें होतें. ओबद्या ग्रू हे पार्लमेंटच्या पक्षाचे. तरी पण पहिल्या चार्ल्स राजास देहान्त शिक्षा होण्याचा संभव दिसतांच, कॉव्हेंट्रीस आलेल्या क्रॉमवेलची गांठ घेऊन राजाचा जीव वांचवावा म्हणून त्यांनीं त्यास कळकळीनें विनविलें. तें व्यर्थ गेलें. इ. स. १६६० मध्यें राजाचा पुत्र दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि १६६२ मध्यें एक कायदा होऊन त्यान्वयें प्रत्येक पाळकानें सरकारमान्य प्रार्थनापुस्तक पूर्णपणें मान्य करावें असें ठरलें. ज्यांच्या मनास तें पटेना अशा सुमारें २,००० पाळकांस आपापलीं देवळें सोडावीं लागलीं. त्यांत ओबद्या ग्रू हेही होते. ज्या राजाकरितां त्यांनीं रदबदली केली त्याच्याच मुलाच्या अमदानींत त्यांचा व्यासपीठावरील हक्क गेला. ही हकीकत विस्तारानें सांगण्याचें कारण पुढें येईल.

नहेम्या तेव्हां नुकतेच केंब्रिजच्या पेम्ब्रोक हॉलमधून पदवी घेऊन आले होते. हें १६६१ सालचें. घरची स्थिति अशी झाल्यावर त्यांनीं वैद्यकीचा मार्ग धरिला. त्यांचे सावत्र बंधु हेन्री सॅम्पसन हेही अशाच कारणानें पाळकपण सोडून वैद्य झालेले होते, व नहेम्यांच्या पुढील कार्यास त्यांनींच पाठबळ दिलें. प्राण्यांचीं शरीरें कापून पाहणारे वैद्य त्या काळीं पुष्कळ होते. हार्वे ह्यांनीं रक्त शरीरांत फिरतें असें दाखवून दिल्यास तीस-पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. प्राण्याच्या देहांत जर नळ्या, पडदे व पिशव्या ह्यांची एवढी योजना आहे, तर झाडाच्या देहांत ती नसेल असें कां समजावें, असा विचार ग्रू ह्यांच्या मनांत आला. दोहोंचाही कर्ता एकच, मग एकाचें शरीर सूक्ष्म रचनेनें भरलेलें आणि दुसऱ्याचें म्हणजे नुसता लगदा, असें कसें होईल ? इ. स. १६६४ पासून ते ह्या शोधास लागले.

त्यांचीं साधनें पाहिलीं तर आश्चर्य वाटतें. एक धारदार वस्तरा व दोन डोळे. भिंग पुढें आलें. ग्रू ह्यांची पद्धति अशी कीं, झाडाचा भाग आधीं आडवा कापावयाचा, मग उभा, मग तिरकस. आधीं नुसत्या डोळ्यांनीं पाहावयाचें, आणि तेथें डोळा थकला म्हणजे मग भिंग लावावयाचें. आमचीं मुलें प्रयोगशाळेंत शिरल्याबरोबर सूक्ष्मदर्शकाकडे धांव घेतात. त्यांस मी नेहमीं ग्रू ह्यांची ही रीत सांगतों. आडव्या कापांत जें वर्तुळ दिसतें तें उभ्या कापांत नळी निघतें, हें एकाच कापावरून कळत नाहीं.

त्यांच्या लिखाणाचा पहिला भाग घेवड्यासारख्या मोठ्या बीपासून सुरू होतो. बी भिजवून, सोलून, तिचे दळ, कोंब व मोड वेगवेगळे करून त्यांनीं वर्णिले. हा निबंध सॅम्पसन ह्यांच्यामार्फत लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस ओल्डेनबर्ग ह्यांच्या हातीं पडला. त्यांनीं तो चेस्टरचे बिशप जॉन विल्किन्स ह्यांस दाखविला. विल्किन्स हे ज्या मंडळीनें ओबद्या ग्रू ह्यांस बाहेर काढिलें तिचेच एक अधिकारी. पण मनानें मोठे उदार. त्यांनीं निबंध सोसायटीपुढें ठेविला व तो सोसायटीच्या आश्रयानें छापावा असें ठरलें. त्याच सुमारास, १६७१ मध्यें, ग्रू हॉलंडांतील लायडेन विद्यापीठांत जाऊन वैद्यकीची उच्च पदवी घेऊन आले आणि नोव्हेंबर महिन्यांत सोसायटीचे सभासद निवडले गेले.

आतां जी गोष्ट घडली ती एखाद्या कादंबरींत वाचली असती तर कोणी खरी मानली नसती. ७ डिसेंबर १६७१ ह्या दिवशीं ग्रू ह्यांचें छापील पुस्तक रॉयल सोसायटीच्या सभेपुढें आलें. त्याच दिवशीं, त्याच सभेंत, इटलीतील बोलोन्याहून आलेलें एक हस्तलिखितही सादर झालें. तें मार्चेल्लो माल्पिघी ह्यांचें होतें, आणि त्याचाही विषय वनस्पतींच्या शरीराची अंतर्रचना हाच होता ! दोघांनीं एकमेकांस पाहिलें नव्हतें. दोघांच्या मध्यें शेंकडों मैलांचें अंतर. आणि दोघेही वर्षानुवर्षें एकाच वाटेनें चालत होते. माल्पिघी हे वयानें तेरा वर्षांनीं वडील व युरोपभर नांवाजलेले. फुप्फुसांतील सूक्ष्म केशवाहिन्या त्यांनींच प्रथम पाहिल्या होत्या. ग्रू हे गांवोगांवच्या वैद्यांपैकीं एक, तिशींतले, अपरिचित. अशा प्रसंगीं मनुष्याच्या मनांत काय येईल हें कोणासही समजेल. माल्पिघींसारखा पुरुष ह्या कामास लागला आहे असें ऐकून ग्रू ह्यांनीं आपण हें काम सोडून द्यावें असा विचार केला. सोसायटीच्या मंडळींनीं त्यांस तसें करूं दिलें नाहीं. एकच वस्तु दोघांनीं स्वतंत्रपणें पाहिली तर एकाच्या साक्षीनें दुसऱ्याची साक्ष पक्की होईल, असें त्यांचें म्हणणें पडलें, व तें योग्यच होतें. ग्रू पुन्हां वस्तरा घेऊन बसले. पुढें आपल्या ग्रंथांत, जेथें माल्पिघींनीं एखादी गोष्ट अधिक चांगली पाहिली होती, तेथें त्यांनीं ती त्यांच्या नांवावर मांडिली. सोसायटीनेंही माल्पिघींचा ग्रंथ १६७५ व १६७९ ह्या सालीं दोन भागांत लंडन येथें छापला.

१६७२ मध्यें विल्किन्स ह्यांच्या खटपटीनें ग्रू ह्यांस वनस्पतींच्या अंतर्रचनेच्या कामावर नेमण्यांत आलें. वेतन वर्षास ५० पौंड, तेंही सभासदांच्या वर्गणींतून. कॉव्हेंट्रींतील वैद्यकी सोडून ते लंडनास आले. त्याच वर्षाअखेर विल्किन्स वारले. आणि वर्गणीचें काय होतें हें ज्यांनीं कोणत्याही मंडळाची वर्गणी गोळा केली आहे त्यांस सांगावयास नको. तें वेतन फार कष्टानें वसूल होई. शेवटीं ग्रू ह्यांनीं लंडनांत रोगी पाहण्याचा धंदा पुन्हां सुरू केला आणि उरलेल्या वेळांत झाडें कापलीं.

इ. स. १६७३ मध्यें त्यांचें दुसरें पुस्तक निघालें. त्याचा मोठा भाग केवळ मुळांविषयीं आहे. मूळ हा झाडाचा सर्वांत उपेक्षित भाग. फूल सर्व पाहतात, फळ सर्व खातात, मूळ मातींत. ग्रू ह्यांनीं नाना झाडांचीं मुळें उपटून, धुऊन, कापून पाहिलीं व त्यांचीं चित्रें काढिलीं. खोडांतील वाहिन्या व मुळांतील वाहिन्या ह्यांची मांडणी सारखी नसते, मुळांत त्या आंत मध्याकडे एकवटलेल्या असतात, हा भेद त्यांनीं दाखवून दिला. वाहिन्यांच्या सभोंवार जो मऊ, फुगीर गर असतो त्यास त्यांनीं पॅरेन्कायमा हें नांव दिलें. तें आजही आमच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्यांच्या चित्रांची कुसर अशी कीं, मुळाचा काप म्हणजे एखादें नक्षीदार जाळें वाटावें. ग्रू ह्यांस स्वतःसही तें जाळेंच वाटे. उशीवर टांचण्या रोंवून बायका जशी सुताची लेस विणतात, तसा झाडाचा देह बारीक तंतूंनीं विणलेला आहे, अशी त्यांची कल्पना होती.

ती कल्पना खोटी होती. एवढेंच नव्हे, तर मुळांतील रुंद नळ्या बहुतेक काळ हवा वाहतात असेंही त्यांनीं मानिलें. कापलेल्या खोडांतील त्या नळ्या रिकाम्या दिसतात, म्हणून असा समज झाला. माल्पिघींनींही त्याच नळ्या किड्यांच्या श्वासनलिकांसारख्या मळसूत्री पाहून तशीच चूक केली. मला ह्यांत कमीपणा वाटत नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें खरें होतें; जें अनुमानिलें तें चुकलें. ज्याचें पाहणें खरें त्याची चूक पुढच्यास दुरुस्त करितां येते.

ती चूक आम्हीं नुकतीच आमच्या शाळेंत स्वतः पाहिली, म्हणून तें येथें सांगतों. गेल्या पावसाळ्यानंतर नववीच्या कांहीं मुलांनीं चाकणच्या पलीकडील एका शेतांतून जोंधळ्याचीं दोन-तीन कोंवळीं रोपें मुळांसकट आणिलीं. गाजराचा तुकडा उभा चिरून त्याच्या फटींत मूळ धरिलें व वस्तऱ्याच्या पात्यानें पातळ चकत्या काढिल्या. पहिल्या वीस वांयां गेल्या. एकविसावी सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविली, तों बाहेरच्या बाजूस सालीचे थर, त्याच्या आंत एक कडें, आणि त्या कड्याच्या आंत, मध्याभोंवतीं वर्तुळांत, सहा-सात मोठीं गोल भोकें स्पष्ट दिसलीं. भोकें अगदीं रिकामीं ! एका मुलानें लगेच विचारिलें कीं, ह्यांत तर कांहींच नाहीं, मग पाणी कोठें आहे ? साडेतीनशें वर्षांपूर्वीं ग्रू जेथें अडखळले तेथेंच तो मुलगा उभा होता. पाणी होतें, वस्तरा लागतांच तें ओढलें जाऊन तेथें हवा शिरली.

दुसऱ्या एका मुलाचे वडील कारखान्यांत नळ जोडण्याचें काम करितात. त्याचा प्रश्न अधिक अवघड होता. मूळ तर टोंकाकडून रोज वाढतें; मग त्यांतील नळ वाढत्या टोंकापर्यंत कोण बांधतो, आणि बांधकाम चालू असतां वाहतूक बंद कां पडत नाहीं ? ह्या प्रश्नाचें उत्तर ग्रू ह्यांच्या जवळ नव्हतें. तें मिळावयास दोन-तीन शतकें लागलीं. १८१२ मध्यें जर्मनींत मोल्डेनहावर ह्यांनीं मक्याचीं खोडें पाण्यांत कुजवून त्यांतील पेशी सुट्या केल्या, तेव्हां झाड हें विणलेलें नसून सुट्या सुट्या पेशींचें रचलेलें आहे हें दिसूं लागलें. १८३७ मध्यें हार्टिग ह्यांनीं अन्नरस वाहणाऱ्या चाळणनळ्या शोधिल्या. १८५८ मध्यें नेगेली ह्यांनीं पाणी नेणाऱ्या भागास झायलेम व अन्नरस नेणाऱ्या भागास फ्लोएम हीं नांवें दिलीं. मराठींत आपण त्यांस जलवाहिन्या व रसवाहिन्या म्हणतों.

त्या मुलास जें उत्तर दिलें तें थोडक्यांत असें. धान्याच्या मुळाच्या अगदीं टोंकास एक टोपी असते; मातींतून घुसतांना ती झिजते व पुन्हां होते. टोपीच्या मागें नव्या पेशींचें कोठार. तेथें पेशी दुभंगतात, आणि त्यांच्या ओळी मागें मागें राहत जातात. टोंक पुढें जातें. ह्या ओळींत जी पुढें रुंद जलवाहिनी व्हावयाची ती ओळ फार लवकर ओळखूं येते, कारण तिच्या पेशी शेजारणींपेक्षां जाड असतात. परंतु गंमत ही कीं, जी आधीं ओळखूं येते ती सर्वांत शेवटीं तयार होते. सर्वांत आधीं तयार होतात त्या बाहेरच्या बाजूच्या बारीक रसवाहिन्या, टोंकापासून फार थोड्या अंतरावर. ह्याचें कारण उघड आहे. टोंक अंधारांत, पानें उजेडांत. टोंकास खावयास पाहिजे तें वरून आलें पाहिजे. पाणी तर त्याच्या सभोंवार मातींत आहेच. नंतर बाहेरच्याच कडेस अरुंद जलवाहिन्या तयार होतात. त्यांच्या भिंतींवर कड्यांचे किंवा मळसूत्राचे वळसे असतात, त्यामुळें मूळ अजून लांबत असतां त्या तुटत नाहींत, ताणल्या जातात. माल्पिघींनीं पाहिलेलीं मळसूत्रें तीं हींच. सर्वांत शेवटीं, लांबण्याचें काम संपल्यावर, मधल्या रुंद जलवाहिन्या पुऱ्या होतात.

पुऱ्या होतात म्हणजे मरतात. हें वाक्य वर्गांत उच्चारिलें तेव्हां मुलें स्तब्ध झालीं. पेशी आपल्या भिंती लांकडासारख्या कठीण द्रव्यानें जाड करिते, आपल्या व वरखालच्या शेजारणीच्या मधला आडपडदा विरघळविते, आणि तिच्या आंतील सजीव द्रव्य नाहींसें होतें. उरते ती मोकळी नळी. ओळींतील सर्व पेशी मेल्यावर एक सलग नळ होतो. मक्याच्या मुळांत टोंकापासून वीतभर अंतरापर्यंतही ह्या रुंद वाहिन्यांच्या पेशी जिवंत व आडपडद्यांनीं बंद असतात, असें शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. म्हणजे मोठा नळ अजून उघडलेला नसतो व तोंवर काम अरुंद नळ्यांवर भागतें. रसवाहिनीची कथा निराळी. ती मरत नाहीं. तिचें केंद्रक जातें, आडपडद्यास चाळणीसारखीं भोकें पडतात, आणि शेजारची एक लहान पेशी तिचा सांभाळ करिते. एक नळ मेल्याशिवाय वाहत नाहीं, दुसरा मेला तर वाहत नाहीं. दोन्ही एकाच कड्याच्या आंत, एकाआड एक. त्या कड्याच्या पेशींच्या भिंतींत मेणचट पट्टा असतो. १८६५ मध्यें कास्पारी ह्यांनीं त्याचें वर्णन केलें. त्यामुळें मातींतील पाणी भिंतीभिंतींतून चोरवाटेनें आंत शिरत नाहीं, पेशींच्या दारांतून तपासून घेतलें जातें.

आंब्याचें मूळ वर्षानुवर्षें जाड होतें व त्यांत नव्या जलवाहिन्या भर घालितात. जोंधळा, गहू, बाजरी, भात, मका ह्यांच्या मुळांत ती सोय नाहीं. जेवढ्या वाहिन्या एकदां झाल्या तेवढ्याच. रोप मोठें झालें व अधिक पाणी लागूं लागलें म्हणजे खोडाच्या खालच्या पेऱ्यांतून नवीं मुळें फुटतात. जमिनीचा वरचा थर कोरडा असला तर हीं नवीं मुळें रुजत नाहींत. म्हणून अवर्षणाच्या सालीं शेतकरी पीक पाहण्यापूर्वीं बुडख्याकडे पाहतो.

ही गोष्ट आपल्या भागांत नुसती पुस्तकी नाहीं. पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर आज उंच इमारतींनीं भरलें आहे. पण पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन ह्यांनीं १९१७ मध्यें एका दख्खनी खेड्याच्या जमिनीचा व श्रमाचा जो प्रसिद्ध अभ्यास छापला तें खेडें हेंच. ज्या मळ्यांवर आज गाड्या उभ्या राहतात तेथें तेव्हां बाजरी व जोंधळा होता. आमच्या विद्यार्थ्यांचे आजे-पणजे त्याच मुळांवर जगले. पुण्यापासून पूर्वेस गेलें म्हणजे रब्बी जोंधळा अजूनही पाऊस संपल्यावर पेरितात. काळ्या जमिनींत जी ओल मुरली असेल तेवढ्यावरच तो कणसास येतो. मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ही जात ह्याच कारणानें नांवाजली. अशा पिकाचें मरण बहुधा ओल नसण्यानें येत नाहीं. ओल लवकर संपण्यानें येतें. कोंवळेपणीं रोपानें भराभर पाणी ओढिलें तर दाणा भरतेवेळीं जमीन कोरडी.

येथें ग्रू ह्यांच्या त्या गोल भोकांचा थेट उपयोग झालेला आहे. नळीची रुंदी निम्मी केली तर तींतून जाणारें पाणी निम्मे होत नाहीं, सोळाव्या हिश्शावर येतें. हा नियम मुलांनीं भौतिकशास्त्रांत पाहावा. गव्हाच्या बीपासून निघणाऱ्या प्रत्येक मुळांत बहुधा मधोमध एकच मोठी जलवाहिनी असते. ऑस्ट्रेलियांतील रिचर्ड्स व पॅसिउरा ह्या शास्त्रज्ञांनीं निवडीनें ह्या वाहिनीचा व्यास सुमारें ६५ मायक्रॉनवरून ५५ च्या खालीं आणिला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा फरकानें वाहणारें पाणी जवळजवळ निम्म्यावर येतें. असा गहू आरंभीं बेतानें पितो व शेवटाकरितां ओल राखतो. १९८९ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, कोरड्या ठिकाणीं ह्या गव्हाचें उत्पन्न शेंकडा ३ पासून ११ पर्यंत अधिक आलें. ओलीताच्या शेतांत अशा अरुंद नळीचा फायदा नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. पुण्यांत शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्यांनीं १९४६ मध्यें स्थापिलेल्या संस्थेंत गव्हाच्या नव्या जाती काढण्याचें काम होत आलें आहे. आमच्या मुलांपैकीं कोणी उद्यां तेथें मुळें कापीत बसला तर मला नवल वाटणार नाहीं.

आतां पुन्हां ग्रू ह्यांच्याकडे वळूं. १६७७ मध्यें ओल्डेनबर्ग वारल्यावर ते सोसायटीचे एक चिटणीस झाले, तिच्या संग्रहालयाची यादी त्यांनीं केली, आणि १६८२ मध्यें आपले सर्व निबंध एकत्र करून वनस्पतींच्या शरीररचनेवरील थोर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ८२ चित्रपत्रें आहेत. फुलांतील केसर हे नराचें कार्य करितात ही गोष्टही त्यांत आहे, व ती कल्पना टॉमस मिलिंग्टन ह्यांच्याशीं झालेल्या संभाषणांत निघाली हें सांगण्यास ते विसरले नाहींत. ग्रंथ दुसऱ्या चार्ल्स राजास अर्पण केलेला आहे.

त्याच १६८२ सालीं, त्याच राजाच्या कायद्यान्वयें, त्यांचे वडील कॉव्हेंट्रीच्या तुरुंगांत होते. काढून टाकलेल्या पाळकानें आपल्या जुन्या गांवापासून पांच मैलांच्या आंत राहूं नये असा तो कायदा होता, आणि तो मोडल्याबद्दल त्यांस सहा महिन्यांची शिक्षा झाली. वय पंचाहत्तरीच्या घरांत; डोळे पूर्ण गेलेले. तरी ते दर आठवड्यास एक प्रवचन तोंडानें सांगत; लेखक तें लिहून घेई, तें चार-पांच जणांस वाचून दाखवी, ते आणखी नकला करीत, आणि निरनिराळ्या वीस गुप्त सभांतून तें एकाच वेळीं वाचलें जाई. मुलाच्या ग्रंथांतील एकही चित्र वडिलांस दिसणें शक्य नव्हतें. राजास ग्रंथ अर्पण करितांना पुत्राच्या मनांत काय होतें ? कोणी ह्यास लाचारी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. त्या काळीं राजाश्रयावांचून सोसायटीचा मोठा ग्रंथ निघणें कठीण होतें, आणि वडिलांचा मार्ग त्यांनीं कधीं नाकारिला नाहीं. पण हा प्रश्न मुलांनीं घरीं वडीलमाणसांशीं बोलून पाहावा. ओबद्या ग्रू १६८९ मध्यें कॉव्हेंट्री येथें वारले.

पुढील आयुष्यांत ग्रू मुख्यतः वैद्यच राहिले. १६८४ मध्यें हाताच्या व पायाच्या कातडीवरील बारीक रेषांचें त्यांनीं वर्णन केलें. बोटांच्या ठशांचा उपयोग पोलिसांस कळावयास अजून दोनशें वर्षें होतीं. एप्सम गांवच्या कडू झऱ्यांतील रेचक क्षाराविषयीं १६९५ मध्यें त्यांनीं लॅटिन पुस्तक लिहिलें, व त्या क्षाराच्या धंद्यावरून औषधविक्यांशीं कांहीं काळ वादही झाला. १७०१ मध्यें सृष्टिरचनेंतील ईश्वरी योजनेवर त्यांचा एक ग्रंथ निघाला. २५ मार्च १७१२ रोजीं, रोगी पाहण्यास फिरत असतांच, त्यांस एकाएकीं मृत्यु आला.

मृत्यूनंतर सव्वाशें वर्षांनीं त्यांच्यावर आळ आला. जर्मनीचे श्लायडेन, ज्यांनीं वनस्पति पेशींच्या बनल्या आहेत हा सिद्धान्त मांडिला, त्यांनीं ग्रू ह्यांनीं माल्पिघींचें चोरलें असें लिहिलें. एवढ्या मोठ्या पुरुषानें लिहिलेलें पुष्कळांनीं खरें मानिलें. शेवटीं १८६८ मध्यें पोलेंडर नांवाच्या दुसऱ्या जर्मन विद्वानानें रॉयल सोसायटीच्या नोंदी, तारखा व दोघांचीं पुस्तकें समोरासमोर ठेवून तपासलीं, आणि आळ निराधार ठरला. ज्या ७ डिसेंबरच्या योगायोगानें ग्रू निराश झाले होते त्याच दिवसाच्या नोंदीनें त्यांस निर्दोष ठरविलें.

जोंधळ्याच्या मुळाच्या ज्या चकत्या मुलांनीं कापिल्या त्यांपैकीं चांगल्या अकरा कांचपट्ट्यांवर चिकटवून शाळेच्या प्रयोगशाळेंत ठेविल्या आहेत. टोंकाजवळची, मधली व बुडख्याजवळची अशा क्रमानें त्या मांडिल्या असल्यामुळें रुंद नळ बंद असतांचा व उघडल्यावरचा असा दोन्ही प्रकारचा दिसतो. पालकांपैकीं ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनीं वार्षिक संमेलनाच्या दिवशीं सकाळीं यावें. दाखविण्याचें काम नववीच्या त्याच दोन मुलांकडे दिलें आहे.